पडशाची कैफियत

दसरा उलटून पावसाने पाठ फिरविली, आणि माळ्यावरच्या गाद्या, गोधड्या, पिंपे व वर्षभर कोणी न उघडलेल्या ट्रंका दिवाळीच्या साफसफाईसाठी खाली उतरू लागल्या, की महाराष्ट्रातील कित्येक घरांत एखादी गृहिणी, एखादा शाळकरी मुलगा किंवा एखादे निवृत्त गृहस्थ फडके हाती घेताच शिंकू लागतात, आणि ऐन सणाचे पंधरा दिवस हातरुमाल नाकाशी धरून काढतात. सकाळी डोळे उघडताच एकामागून एक शिंका, नाकातून पाण्याची धार, टाळूला व डोळ्यांच्या कडांना सुटणारी खाज, रात्री चोंदलेल्या नाकामुळे तोंडाने घ्यावा लागणारा श्वास, आणि त्या अपुऱ्या झोपेपायी दिवसभर जड राहणारे मस्तक, अशी ही व्याधी आहे. तिने कोणी दगावत नाही, म्हणून आजारांत तिची गणना होत नाही. कचेरीतील रजेच्या अर्जावर पडसे हे कारण लिहिण्याची कोणाची छाती होत नाही, आणि घरातही ‘त्यांचं नेहमीचंच आहे’ एवढ्यावर चौकशी आटोपते.

अशा बिनप्रतिष्ठेच्या दुखण्याचा रोगी आपला इलाज आपणच शोधू लागतो. गेल्या वर्षभरात पुणे, भोर, चिपळूण आणि मुंबई येथे नाकाच्या ज्या ज्या रोग्यांची गाठ पडली, त्यांना मी मुद्दाम दोन गोष्टी विचारीत गेलो: घरचे, वैद्याचे अथवा हकिमाचे कोणते औषध तुम्ही करता, आणि ते का करता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांपाशी तयार असे. दुसऱ्यावर मात्र माणसे थबकत, जरा विचार करीत, आणि मग जे सांगत त्यात मला पुष्कळ मोलाचा ऐवज सापडला.

पुण्यातील एका सरकारी कचेरीत अभिलेखकक्ष सांभाळणारे एक कारकून आहेत. तांबड्या रुमालांत बांधलेली जुनी दप्तरे सोडणे आणि पुन्हा बांधणे हे त्यांचे रोजचे काम, आणि त्या दप्तरांतील धूळ व बुरशी हे त्यांचे रोजचे दुखणे. रात्री निजताना ते नाकात अणुतेलाचे दोन-दोन थेंब सोडतात, सकाळी सितोपलादी चूर्ण मधातून चाटतात, आणि कचेरीत टेबलाच्या खणात ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी ठेवतात. ‘वैद्यबुवांना गोळीचं सांगत नाही, आणि डॉक्टरांना तेलाचं सांगत नाही. दोघंही रागावतात हो,’ असे ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज नकळत खाली आला. पुढे हीच कबुली मला इतक्या जणांकडून ऐकावयास मिळाली की या लेखाचा खरा विषय तीच आहे असे वाटू लागले.

चिपळूणकडच्या एका आजीबाईंचा इलाज त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी करावी आणि ती गरम असतानाच हुंगावी. वेखंड सहाणेवर उगाळून कपाळाला लेप द्यावा. तिन्हीसांजेला निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची साले टाकून खोलीत धुरी फिरवावी. डॉक्टरांच्या गोळीबद्दल त्यांचे मत वाईट नव्हते. ‘गोळीने बरं वाटतं, नाही कसं म्हणू? पण ती घेतली की माझी दुपार झोपेत जाते, आणि मला तर नातवंडांकडे बघायचं असतं,’ हा त्यांचा आक्षेप इतका मुद्द्याचा होता की त्यावर कोणा डॉक्टरालाही प्रतिवाद करता येऊ नये. जुन्या हिस्टामिनविरोधी औषधांनी सुस्ती येते ही गोष्ट शास्त्रालाही मान्य आहे, आणि नव्या गोळ्यांपैकी काहींनी ती फारशी येत नाही. परंतु हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, कारण झोपेची तक्रार त्यांनी कोणापुढे मांडलीच नव्हती.

मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला गाद्या भरणाऱ्या एका कारागिराकडून मी जोशांद्याची हकीकत ऐकली. उन्नाब, सपिस्तान म्हणजे आपले भोकर, बनफशा, ज्येष्ठमध आणि खत्मी अशी युनानी वैद्यकातील ही काढ्याची पुडी. ती रात्री भिजत घालून सकाळी उकळून प्यावयाची. कापसाच्या उडत्या तंतूंत सारा दिवस काढणाऱ्या या माणसाला नाक बंद पडणे म्हणजे काम बंद पडणे होय. जोशांद्याने आपला आजार बरा होईल अशी त्याची मुळीच समजूत नव्हती. गरम प्याले की तासभर छाती मोकळी वाटते, आणि त्या तासाभरात पहिली गादी भरून होते, एवढाच त्याचा हिशेब. पारंपरिक औषध घेणारा प्रत्येक रोगी भोळा असतो, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

भोर तालुक्यात खुरपणीला जाणाऱ्या बायकांचा रोष गाजर गवतावर होता, आणि तो अगदी योग्य होता. काँग्रेस गवत या नावानेही ओळखले जाणारे हे अमेरिका खंडातील तण १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असा सार्वत्रिक समज आहे. पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कातडीला इसबासारखा विकार होतो आणि त्याच्या परागांनी नाकाची ॲलर्जी उद्भवते, हे बंगळूरकडील अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. त्या बायका मात्र कोणताही अभ्यास न वाचता, ‘पांढरं फूल धरलं की नाक गळायला लागतं,’ असे नेमके निदान करीत होत्या. तोंडावर ओढणी बांधणे आणि घरी आल्यावर आधी डोके धुणे हे दोनच इलाज त्यांनी सांगितले. मी ऐकलेल्या सर्व इलाजांत हे दोन मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतात.

या बायकांनी अनुभवाने ओळखलेली कारणे शास्त्रानेही शोधली आहेत. मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक टिळक यांनी हवेतील पराग आणि बुरशीचे बीजाणू पकडण्यासाठी स्वतःचे यंत्र बनविले, आणि कोणत्या ऋतूत कोणते कण हवेत तरंगतात याच्या नोंदींचा अभ्यास आपल्याकडे रुजविला. हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की घरच्या धुळीतील मुख्य अपराधी म्हणजे माणसाच्या गळणाऱ्या त्वचेवर जगणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, दमट हवेत आणि गादी-उशीत वाढणारा एक अष्टपाद जीव होय. अशा एखाद्या निरुपद्रवी कणालाच शत्रू समजून शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते, ती नाकाच्या अस्तरातील पेशींवर जाऊन बसतात, आणि तो कण पुन्हा आला की काही मिनिटांतच त्या पेशी हिस्टामिन सोडतात. शिंका, पाणी, खाज हे सर्व त्याचेच परिणाम.

या व्याधीचा पहिला तपशीलवार वृत्तांत एका रोग्यानेच लिहिला आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. लंडनमधील डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली वैद्यांच्या सभेपुढे एका रोग्याची हकीकत वाचली. तो रोगी ते स्वतःच होते, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून प्रत्येक उन्हाळ्यात त्यांना हा त्रास होत आला होता. रक्त काढणे, रेचके, फोड आणणारे लेप, मिताहार, सिंकोनाची साल, लोह, अफू, पारा, थंड पाण्याची स्नाने, डिजिटॅलिस, डोळ्यांवरील नाना तऱ्हेचे लेप, असे त्या काळच्या विद्वान वैद्यकातील जवळजवळ सर्व इलाज त्यांनी करून पाहिले, आणि गुण कशानेही आला नाही. त्यानंतर अर्ध्या शतकाने मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकात पराग घालून, कातडीवर ओरखडे काढून त्यांत पराग चोळून आणि पतंगांना चिकट काचा बांधून उंच हवेतले पराग मोजून, या रोगाचे कारण निश्चित केले व १८७३ साली ग्रंथरूपाने मांडले. हे ब्लॅकली व्यवसायाने होमिओपाथ होते. अमुक पद्धतीचा तो शहाणा आणि तमुक पद्धतीचा तो अडाणी, अशी वाटणी करणाऱ्या दोन्ही पक्षांना हा दाखला अडचणीत टाकणारा आहे.

आपल्याकडे सुश्रुताने नाकाचे एकतीस रोग सांगितले, आणि प्रतिश्यायाची, म्हणजे पडशाची, कारणे देताना धूर, धूळ, थंडी, कडक ऊन व मलमूत्राचे वेग रोधणे यांचा उल्लेख केला. वाग्भटाने नाकाला मस्तकाचे द्वार मानले, आणि म्हणून मानेवरच्या रोगांत नस्याला, म्हणजे नाकातून औषध देण्याला, अग्रस्थान दिले. तिळाचे तेल औषधींच्या काढ्यात पुनःपुन्हा सिद्ध करून शेवटी बकरीच्या दुधात पचविलेले अणुतेल चरकाच्या ग्रंथात आहे. सितोपलादी चूर्णातील खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी ही सोळा, आठ, चार, दोन, एक या प्रमाणात घ्यावयाची असतात, हे मला त्या कारकुनांनीच बोटांवर मोजून सांगितले, आणि सांगताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान होते ते पाहून या औषधांच्या लोकप्रियतेचे एक कारण ध्यानात आले. रोग्याला येथे आपले औषध समजते. त्यात काय आहे, ते कसे बनते, कोणत्या ऋतूत घ्यावे, त्यावर दही, केळे, काकडी का खाऊ नये, याविषयी त्याच्याशी कोणीतरी बोललेले असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे अक्षर त्याला वाचता येत नाही, आणि त्याचा अर्थ विचारण्यास दवाखान्यात उसंत नसते.

रोग्यांच्या तोंडी एक वाक्य मात्र सर्वत्र सारखे आढळते: ‘डॉक्टरांची गोळी आजार दाबते, आपलं औषध मुळापासून काढतं.’ या वाक्याची पहिली बाजू बऱ्याच अंशी खरी आहे. हिस्टामिनविरोधी गोळी लक्षणे आवरते. शरीराची मूळ प्रवृत्ती ती पालटीत नाही. ती प्रवृत्ती पालटण्याचा जो उपाय आधुनिक वैद्यकात आहे, म्हणजे ज्या पदार्थाची ॲलर्जी त्याचीच सूक्ष्म मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत देणे, तो लिओनार्ड नून यांनी १९११ साली प्रसिद्ध केला; परंतु तो साधारण तीन वर्षे चिकाटीने करावा लागतो, त्याला खर्च येतो, आणि जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखालीच तो घेता येतो. दुसऱ्या बाजूविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. घरगुती औषधाने हा रोग मुळापासून गेला असे ज्यांनी सांगितले, त्यांच्या हकिगती मी खोदून विचारल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत एकच क्रम दिसला: त्रास शिगेला पोहोचला, औषध सुरू केले, तीन-चार आठवड्यांत आराम पडला.

आता या रोगाची चाल पाहा. पावसाळा सरताना गवते फुलतात, पराग उडतात, शिंका वाढतात. मार्गशीर्ष लागता-लागता गवत वाळते, हवा निवळते आणि नाक आपोआप शांत होते. माणूस औषध शोधावयास निघतो तो आजार शिखरावर असताना, आणि शिखरानंतर उतार येणारच. तेव्हा त्या वेळी जे हाती असेल, मग ते चूर्ण असो, काढा असो, अंगारा असो किंवा एखाद्या महागड्या डॉक्टराची गोळी असो, श्रेय त्याच्या नावावर जमा होते. वयपरत्वेही पुष्कळांचा हा त्रास ओसरतो. ज्या गावच्या हवेत तो जडला ते गाव सोडले तरी ओसरतो. हा भ्रम अडाण्यांनाच होतो असे नाही. ऋतूचे देणे औषधाच्या खाती मांडण्याची चूक वैद्य, डॉक्टर आणि रोगी या तिघांकडूनही सारखीच होते, आणि ती टाळण्याचा एकच मार्ग आहे: एकाच ऋतूत, सारख्याच त्रासाच्या काही रोग्यांना खरे औषध व काहींना हुबेहूब तशीच निरर्थक गोळी द्यावी, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही कळू न देता निकाल पाहावा.

असा एक प्रयत्न आपल्याच नागपुरात झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी नाकाच्या ॲलर्जीच्या ७५ रोग्यांपैकी काहींना गुळवेलीच्या अर्काच्या गोळ्या आणि काहींना निरर्थक गोळ्या ८ आठवडे दिल्या, आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळवेल घेणाऱ्या बहुतेकांच्या शिंका थांबल्या, निरर्थक गोळी घेणाऱ्या बहुतेकांच्या थांबल्या नाहीत. ७५ ही संख्या लहान आहे, आणि एका प्रयोगावरून हुकूम काढता येत नाही. तरीही कडुनिंबावर चढलेली गुळवेल ‘अमृता’ म्हणून जपणाऱ्या खेड्यातल्या माणसाच्या बोलण्यात तपासण्याजोगे काही असते, हे या प्रयोगाने दाखविले. पुढे करोनाच्या साथीत तीच गुळवेल लोक प्रतिकारशक्तीसाठी महिनेच्या महिने, प्रमाणाचा विचार न करता घेऊ लागले, आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी असे ६ रोगी नोंदविले ज्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असण्याची शक्यता पुढे केली. तो वाद काहीही असो. वनस्पतीच्या औषधाने कधी अपाय होतच नाही हा जो समज मला सगळ्यांत अधिक वेळा ऐकावयास मिळाला, तो सोडून दिला पाहिजे. ज्यात गुण करण्याइतके सामर्थ्य आहे, त्यात अवगुण करण्याइतकेही असते.

जलनेतीसंबंधी, म्हणजे पाण्याने नाक धुण्यासंबंधी, रोग्यांचे मत अनुकूल आहे, आणि या बाबतीत आधुनिक वैद्यकही त्यांच्या बाजूला झुकले आहे. हठयोगातील षट्क्रियांपैकी ही एक. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांकडे प्रयोगशाळेच्या दृष्टीने पाहण्यास प्रारंभ केला. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास चिकटलेले पराग आणि धूळ निघून जाते, आणि लक्षणे कमी होऊ शकतात, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. पण पाणी कोणते, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती केलेली दोन माणसे मेंदूत शिरणाऱ्या नेग्लेरिया नावाच्या अमीबामुळे मरण पावली. तेच पाणी पिण्याने हा रोग होत नाही, नाकात गेल्याने होतो. असे क्वचितच घडते. पण पाणी खळखळून उकळावे, झाकून निववावे, पेलाभर पाण्यात सुमारे अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे आणि नेतीचे भांडे प्रत्येक वेळी धुऊन वाळवावे, एवढ्याने ते टळत असेल तर ही तसदी प्रत्येकाने घ्यावी.

इतर काही धोके घरोघर आहेत. तान्ह्या मुलाच्या नाकात तेल किंवा तूप सोडण्याची जुनी रीत अजून चालू आहे; ते तेल फुप्फुसात उतरून मुलाला एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा ही रीत बंद झालीच पाहिजे. वाफाऱ्याने घटकाभर बरे वाटते, पण उकळत्या पाण्याचे पातेले लवंडून भाजलेली लहान मुले रुग्णालयात येतात. धुरीचा धूर दम्याच्या माणसाचा दम वाढवितो, आणि नाकाच्या ॲलर्जीच्या पुष्कळ रोग्यांना दमाही असतो. बाजारात नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांतून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत गुपचूप स्टेरॉईड मिसळलेले आढळले आहे; अशा चूर्णाने चार दिवसांत चमत्कार घडतो, आणि काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जे लोक डॉक्टरांनी दिलेल्या नाकाच्या फवाऱ्यातील अत्यल्प स्टेरॉईडला भिऊन तो दोन दिवसांत टाकून देतात, तेच अशा पुडीतून कितीतरी पट मात्रा पोटात घेतात, हे पाहून मन विषण्ण होते. त्या फवाऱ्याचा पूर्ण गुण दिसावयास दोन आठवडेसुद्धा लागतात, एवढे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

घरगुती उपायांनाच दोष द्यावा असेही नाही. पुण्यातील एक तरुण अभियंता चार वर्षे रोज, पुढेपुढे दर तीन-चार तासांनी, चोंदलेले नाक उघडणारे थेंब घालीत होता. हे थेंब सलग पाच-सात दिवसांहून अधिक वापरले की त्यांचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षाही जास्त बंद होते. औषधाच्या दुकानात ते मागितले की मिळत, आणि किती दिवस घालता असे त्याला कोणी विचारले नाही. शेवटी त्याच्या आईने त्याला एका वैद्यांकडे नेले, त्यांनी प्रथम थेंब बंद करावयास लावले, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्याची शिफारस स्वतःच्या हाताने लिहून दिली. असे वैद्य आणि असे डॉक्टर आपल्यात आहेत. ते पुष्कळ असते तर त्या कारकुनांना आवाज खाली घ्यावा लागला नसता.

दम्याच्या रोग्यांचीही अशीच कथा आहे. मृग नक्षत्राच्या दिवशी हैदराबादेत बथिनी कुटुंबाकडून जिवंत लहान मासा पिवळ्या औषधासह गिळण्यासाठी दम्याचे हजारो रोगी रांगा लावतात, शाकाहारी लोक तेच औषध गुळातून घेतात, आणि त्या रांगांत मराठी माणसेही असतात. त्या औषधाने दमा बरा होतो असा पुरावा नाही, हे मी निःसंशय सांगतो. पण तेथे पैसा पडत नाही, हे मात्र खरे. ज्या सरकारी दवाखान्यांत दम्याचे फवारे नियमाने मिळतील आणि ते कसे ओढावेत हे पाच मिनिटे बसून कोणी शिकवील, त्या दवाखान्यांच्या टापूतून हैदराबादेस जाणाऱ्यांची संख्या कमी होईल अशी माझी खात्री आहे.

डॉक्टरांना आणि वैद्यांना माझी विनंती आहे की नाकाच्या रोग्याला तपासताना, घरी काय करता, हे त्यांनी न रागावता विचारावे आणि उत्तर केसपेपरवर नोंदवावे. रोग्यांना विनंती अशी की छातीत घरघर होत असेल, एकाच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत असेल, किंवा मूल रात्री तोंड उघडे ठेवून घोरत असेल, तर काढ्यावर वेळ घालवू नये. एरवी जे जे घेत असाल, गोळी, फवारा, थेंब, तेल, चूर्ण, काढा, कोणाची पुडी, ते सर्व, कधीपासून आणि किती घेता यासह, एका कागदावर लिहा, आणि वैद्यांकडे जा की डॉक्टरांकडे, तोच कागद दोघांनाही दाखवा.